पुढेमागे

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात. काही जण थोर होण्याच्या आधीपासूनच लिहितात. मी त्यातला.

सकाळी ताईनं शेवटचं सांगितलं. म्हणजे तिच्या मते शेवटचं. चार दिवस राहतो म्हणून आलास, आता गादीला तुझा आकार आलाय. महिनाअखेरपर्यंत लॅबच्या मेसेजचं काम नीट करून दाखव, नाहीतर बॅग उचल. भाऊजी पेपरामागून म्हणाले, उचलायला मी मदत करतो.

लॅब कवळ्यांची. घराच्या मागच्या दोन खोल्या. डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडांची मापं पाठवतात, ताई मेणात दात बसवते, प्लास्टरमामा घासून चकचकीत करतो. (मामाचं खरं नाव विचारायचं राहून गेलं. केसांत, भुवयांत कायम प्लास्टर, म्हणून प्लास्टरमामा.) बहुतेक सगळं काम डॉक्टरीणबाईंचं. त्या गेल्या की लॅब गेली, हे ताई मला रोज दोनदा ऐकवते, जेवणाआधी आणि जेवणानंतर, गोळीसारखं.

मी झोपतो प्लास्टरच्या पोत्यांच्या खोलीत. पाठीला बरं असतं म्हणतात.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. परवापासून. उद्या आधी मागची झोप भरून काढतो.

५ मार्च

काम समजून घेतलं. हसू आलं.

कॉम्प्युटरवर एक यादी आहे. एका ओळीत एक पेशंट: नाव, मग कवळी कधी मिळणार ते, मग वरची का खालची, मग दातांच्या रंगाचा नंबर. कधी मिळणार, तर आज, उद्या किंवा परवा. तारीख लिहायची नाही, हा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. त्यांचं म्हणणं, दात गेलेल्या माणसांना तारखा कळत नाहीत, परवा बरोबर कळतो. रोज सकाळी ताई एका हातात चहा धरून दुसऱ्या हातानं परवाचं उद्या करते, उद्याचं आज. दहाला मेसेज आपोआप जातात. 'आज मिळेल' आलं की पेशंट येतो, फळीवरची डबी उचलतो, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसवून घेतो.

विचारलं, याला किती वेळ लागतो. म्हणाली, चहा संपेपर्यंत.

रोज एक चहा! माणसाचं आयुष्य असं कपाकपानं संपतं. मी म्हटलं, हे मशीन करेल. ती म्हणाली, मशीन नको, तू कर. सख्खी बहीण आहे, पण दृष्टी नाही.

६ मार्च

मागे एका लॉजवर रात्रपाळीला होतो (ती नोकरी मी सोडली, त्यांनी फक्त आधी सांगितलं). तिथे एक दाढीवाला राहायचा. माऊसला हात न लावता टाइप करायचा. त्याच्याकडून तो वापरायचा तो एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्रॅम) शिकलो. म्हणजे उघडायला शिकलो. बंद करायला शिकण्याआधी त्यानं खोली सोडली.

त्या एडिटरला जोडायला एक प्लगिन मिळतं, जादा तुकडा. आकड्यावर जाऊन एक कळ दाबली की आकडा एकानं वाढतो, दुसरी दाबली की एकानं उतरतो. शब्दसुद्धा उलटतात: हो चं नाही, चालू चं बंद. आपले शब्द आपण भरायचे. ज्यानं हे केलं त्याच्या पायाचं तीर्थ घ्यावं.

आज ७ वर जाऊन कळ दाबली. ८ झाले. पुन्हा दाबली. जेवणाची हाक आली तेव्हा ३१२ झाले होते. कामात असा बुडून गेलो की भान राहत नाही.

प्लगिनला इंग्रजी नाव होतं. मी 'पुढेमागे' ठेवलं. पुढेमागे जगभर जाईल.

७ मार्च

कळलं, की काल ते आकडे इंग्रजी होते. आपल्या ५ वर कळ दाबली तर ढिम्म. पाचाचे सहा व्हायलासुद्धा इंग्रजी पाच लागतात? रक्त उसळलं. दिवसभर त्यातच. संध्याकाळी ९ नंतर ० आला, मग ९ नंतर ९, मग एकदम ९०. जेवताना ताईनं विचारलं, मेसेज पाठवायला तू कधीपासून? म्हटलं, आता आकड्यांवर आहे, शब्दांवर परवा येतो.

९ मार्च, शनिवार

किरकोळ अपघात.

यादी एडिटरमध्ये उघडून सराव करत होतो, कर्सर 'उद्या' या शब्दावर होता. प्लगिनला तो शब्द अजून शिकवलेला नव्हता. शब्द कळला नाही की ते ओळीत पुढे जाऊन जो पहिला आकडा सापडेल तो वाढवून येतं. बिचाऱ्याचा स्वभाव आहे, सांगितलेलं कळलं नाही तरी काहीतरी करून दाखवायचं. मी तीनदा दाबलं. एका गायनशिक्षिकेच्या दातांचा रंग एकवरून चार झाला. एक म्हणजे मोगरा, चार म्हणजे जुन्या पेटीच्या पट्ट्या. ताईनं यादी बघून चारचे दात बसवले.

बाईंनी आरशात पाहिलं आणि विचारलं, हे आधी कुणाचे होते?

११ मार्च

ताईनं ती कवळी रविवारभर बसून नवी केली. बोलत नाहीये. मामा म्हणाला, तुझ्या हाताला गुण आहे रे, आम्ही नव्याचे जुने करायला तीस वर्षं घेतो. कौतुकच म्हणायचं.

चूक प्लगिनची नाही, शब्दसंग्रहाची. आता त्याला सगळं शिकवायचं. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

१३ मार्च

'वरची' आणि 'खालची' शिकवलं. कळ दाबली की वरची कवळी खालची होते. याची गरज काय, भाऊजींनी विचारलं. गरज नाही. पण असावं.

मग सहज सुचलं, अपूर्णांक शिकवावेत. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच. आणि इथे भाषेचा चमत्कार: साडेएक नाही, साडेदोन नाही, पण साडेतीनपासून पुढे रांगेत सगळे साडे. आख्खा दिवस गेला, पण आता दीडवर कळ दाबली की पावणेदोन होतात. डोळ्यांत पाणी आलं.

ताईला दाखवलं. तिनं विचारलं, यादीत दीड कुठे आहे? मी म्हटलं, दूरदृष्टी. भाऊजी म्हणाले, शहाणे साडेतीनच होते म्हणतात, तुझी कळ दाबून बघ चार होतायत का.

भाऊजी लिफ्टदुरुस्तीवाले. माणूस आयुष्यभर विहिरीत उभा राहिला की असं होतं.

१५ मार्च, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. आज-उद्याची गोष्ट सोडवली.

शब्दांची रांग अशी दिली: परवा, काल, आज, उद्या, परवा. दोन्ही टोकांना परवा! इतर भाषांना परवासाठी दोन दोन शब्द लागतात म्हणे. आपल्याकडे गेलेला परवाही परवा, येणाराही परवा. भाषेनंच गोल करून दिलाय. मीही सेटिंगमध्ये 'गोल' चालू केलं, म्हणजे टोकाला पोचलं की वळसा घालून दुसऱ्या टोकाला.

'उद्या'वर मागे जायची कळ दाबली: आज. पुन्हा दाबली: काल. लोण्यातून सुरी. 'परवा'वर दाबून बघायची गरज वाटली नाही. उद्या जमतंय म्हटल्यावर परवा न जमायला काय झालं?

भाऊजींना दाखवलं. म्हणाले, माझी लिफ्टपण वरखाली जाते, पण आपण कुठल्या मजल्यावर आहोत हे तिला माहीत असतं. जळतात.

१७ मार्च, रविवार

ताईला म्हटलं, उद्यापासून यादी माझ्याकडे. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंचं वर्षाचं काम याच महिन्यात ठरतं, गडबड झाली तर मी रस्त्यावर येईन, तू तर आधीच तिथून आलायस. एकदा तिनं स्वतः यादी उघडून पाहिली. उघडली, पण एडिटरमधून बाहेर पडता येईना. शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं. म्हणाली, तूच बघ बाबा.

विश्वास असा संपादन करावा लागतो.

१८ मार्च, सोमवार, सकाळी दहा वाजून पाच

एक कळ! सगळ्या ओळी निवडल्या, एकदाच दाबलं, 'उद्या'चे 'आज' झाले. बाकीच्या ओळींत परवा, परवा, परवा, छान दिसत होतं. दहाला मेसेज गेले. चौघे आले, चार डब्या गेल्या. ताईनं चहा दोन्ही हातांत धरून प्यायला. मला वाटतं ती हसली. कपामुळे नीट दिसलं नाही.

आता आयुष्यही असंच कळीवर आणायचं. व्यायाम परवापासून.

१९ मार्च

पुन्हा कळ. काल चौघांची नावं काढायची राहिली होती, त्यांना मेसेज गेला, 'तुमची कवळी काल मिळेल.' एकाचा फोन आला. म्हटलं, मग मिळाली ना? तो म्हणाला, मिळाली. म्हटलं, मग? त्यानं फोन ठेवला. लोकांना नुसता फोन करायचा असतो.

त्यांची नावं काढली. आता यादीत फक्त परवा उरले. सुटसुटीत.

२० मार्च

आजही कुणी आलं नाही. शांतता. व्यवस्था चांगली असली की गर्दी होत नाही.

एका आजोबांचा फोन. जुनी कवळी काल बेसिनमध्ये पडून फुटलेली, त्यामुळे तोंडात काही नाही. म्हणाले, हनिवाई अग्न आहे. मी म्हटलं, फायर ब्रिगेडला करा. तीनदा सांगितल्यावर कळलं, शनिवारी लग्न आहे. नातवाचं का विचारलं, तर स्वतःचं! दुसरं. या वयात! यादीत बघितलं, म्हटलं, परवा मिळेल. त्यांनी हिशेब केला, परवा म्हणजे शुक्रवार, मग हरकत नाही. आशीर्वाद दिला असावा. ओलसर ऐकू आला.

मी यादीत त्यांच्यापुढे 'नवरदेव' लिहून ठेवलं. माणुसकी.

२१ मार्च

ताईनं विचारलं, फळीवर डब्यांची रांग कशी लागलीय? मेसेज जातात ना? म्हटलं, दहाच्या ठोक्याला, सगळेच्या सगळे, पोचल्याची खूण आहे. हे शंभर टक्के खरं. मग येत का नाहीत? म्हटलं, लोक आळशी. दात नसले की माणसाला आळस चढतो. ताई म्हणाली, तुझे तर बत्तीस आहेत.

डॉक्टरीणबाईंच्या रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला, खुर्ची दोन दिवस रिकामी आहे, पेशंट कधी पाठवताय? परवा, म्हटलं. ताईला सांगण्यासारखं काही नव्हतं.

नवरदेवाचा पुन्हा फोन. यादी बघून सांगितलं, परवा. ते म्हणाले, कालही परवाच सांगितलंत. म्हटलं, कालचा परवा वेगळा, आजचा वेगळा. पुन्हा हिशेब केला. परवा म्हणजे शनिवार, सकाळी मिळाली तर मुहूर्त गाठता येईल. उगाच घाई करतात.

२२ मार्च, शुक्रवार

नवरदेव. परवा, म्हटलं. ते म्हणाले, परवा हईवाय. हो, रविवार. लग्न उद्या आहे म्हणाले. मी समजावलं, ओठ मिटून हसायचं, त्यात एक भारदस्तपणा असतो, फोटोतही बरं दिसतं. आणि फार बोलायचं नाही, नवऱ्यानं आतापासून सवय लावलेली बरी. त्यांनी फोन ठेवला नाही, हातातून पडला असावा.

फोनमुळे लक्ष उडतं. फोन सायलेंटवर. दुपारपासून 'पुढेमागे'ची माहितीपुस्तिका लिहायला घेतली. पहिलं वाक्य: 'आयुष्यात पुढे जायचं असेल तर.' पुढचं सुचलं नाही.

२३ मार्च

सुट्टी घेतली. थकवा आहे. पुस्तिका परवा पुरी करतो.

२५ मार्च, सोमवार

आजचं थोडक्यात.

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. बरोबर नवरदेव. नवरदेव हे डॉक्टरीणबाईंचे सख्खे काका. हे यादीत कुठेही लिहिलेलं नव्हतं, याची नोंद व्हावी.

शनिवारी रजिस्ट्रारच्या टेबलापुढे काकांनी 'मान्य आहे' म्हणायला तोंड उघडलं. नवरीबाई निवृत्त दाई. जन्मभर बिनदातांची तोंडं पाहिलेली, पण हे तोंड पहिल्यांदाच पाहिलं. काकांचे दात खरे नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. काका मंगळवारपासून तेच सांभाळत होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, विचार करून परवा सांगते.

ताईनं फळीवरची डबी काढली. झाकणावर मागच्या मंगळवारचा शिक्का. सहा दिवस तयार. तिनं मला मेसेज दाखवायला सांगितले. मी दाखवले, पोचल्याच्या खुणांसकट. तिनं मोठ्यानं वाचले. परवा. परवा. परवा. परवा. प्रत्येक पेशंटचे. वाचता वाचता तिचा आवाज लहान होत गेला. मागच्या खोलीत मामाचं घासायचं चाक थांबलं.

मग ताईनं हात धुतले आणि काकांना खुर्चीवर बसवून, माफी मागत मागत, कवळी घालून बघायला दिली. पहिल्या झटक्यात बसली. कुठे टोचत नाही ना, तिनं विचारलं. काकांनी मान हलवली आणि नव्या दातांनी पहिलं वाक्य मला उद्देशून बोलले. ते इथे लिहीत नाही. पण उच्चार अतिशय स्वच्छ होता. ताईच्या कामाला तोड नाही.

२६ मार्च

कारण सापडलं. प्लगिन रांगेत सुरुवातीपासून शोधतं. त्याला परवा दिसला की तो पहिला परवा, म्हणजे गेलेला. मागे जायची कळ दाबली की त्याच्या मागे काही नाही. मग 'गोल' असल्यामुळे वळसा घालून शेवटाला. तिथे परत परवा. परवाच्या मागे परवाच. जन्मभर कळ दाबली तरी उद्या येणार नाही.

म्हणजे प्लगिन बरोबर होतं. सेटिंगही बरोबर होतं. चूक भाषेची. दोन दिवसांना एक शब्द पुरवायचा कंजूषपणा कुणी केला, त्याला पकडा. हे मी ताईला चहाच्या वेळी सांगितलं. तिनं चहा बेसिनमध्ये ओतला.

२७ मार्च

डॉक्टरीणबाईंचा माणूस आला, सगळे साचे खोक्यात भरून घेऊन गेला. दुसऱ्या लॅबला देणार. ताई दारात उभी होती. कुणाचं कुठलं माप, वरचं, खालचं, एकेक त्याच्या हातात ठेवून सांगत होती. तो म्हणाला, ताई, लिहिलंय सगळं. तरी सांगत होती.

दुपारी तिनं मामाला सांगितलं, सध्या येऊ नका. मामा नळाखाली डोकं धरून खूप वेळ उभा होता. प्लास्टर सगळं निघालं. केस तरी पांढरेच निघाले.

मामाचं खरं नाव आज विचारणार होतो, पण वेळ बरी नव्हती.

२८ मार्च

दुरुस्ती पूर्ण! रांगेत आता 'गेलेला परवा' आणि 'येणारा परवा' असे दोन वेगळे शब्द. 'गोल' बंद. सगळ्या शब्दांवर दाबून पाहिलं, येणाऱ्या परवाचा उद्या होतो, उद्याचा आज. निर्दोष. यादीत आता एकही पेशंट नाही, त्यामुळे वेगही वाढलाय.

भाऊजींना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, उगाच उशीर केलास, महिनाभर आधी यादी रिकामी केली असतीस तर पहिल्या दिवशीच निर्दोष झालं असतं. मग पहिल्यांदाच त्यांनी टोमणा मारून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं नाही. ताईच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

ताईशी उद्या बोलतो. तिला नवी आवृत्ती दाखवली की ती डॉक्टरीणबाईंना दाखवेल. काकांच्या दाईबाई तरी कुठे नाही म्हणाल्यात? परवा सांगते म्हणाल्यात. सगळं अजून हातात आहे.

२९ मार्च, शुक्रवार

लॅबमध्ये गेलो. ताई रिकाम्या टेबलाशी बसून वाडग्यातलं वाळलेलं प्लास्टर चाकूनं खरवडत होती. उद्या लागणार नसलेला वाडगा. मी नवी आवृत्ती सांगितली, दोन्ही परवा समजावले. ती खरवडत राहिली. म्हटलं, महिनाअखेर आलीय, बोलल्याप्रमाणे बॅग भरायची असेल तर तसं सांग, माझी तयारी आहे. हे म्हटलं की ती नको म्हणते, लहानपणापासूनचा अनुभव.

तिनं वाडगा फिरवून दुसरी बाजू खरवडायला घेतली. म्हणून विचारलं, मग कधी निघू?

म्हणाली, परवा.

हायसं वाटलं. दोन दिवस हातात. दोन दिवसांत माणूस विरघळतो, ताई तर एका दिवसात. पण आता सवय लागलीय, शब्द मोघम सोडवत नाही. विचारलं, कुठला परवा, येणारा की गेलेला?

तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, गेलेला.